जीर्णोद्धार कोणाचा, मालकी कोणाची?

‘जीर्णोद्धार’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. संगणकावरील एखादा खेळ दहापंधरा वर्षे बंद पडलेला असतो. त्याचे चाहते देशोदेशीहून वर्गणी पाठवतात, मूळ कर्ता पुन्हा कामाला लागतो, आणि रसिकांनी कलेचा जीर्णोद्धार केला अशी दवंडी पिटली जाते. सामान्य माणसाने कलेला सावकाराच्या पेढीतून सोडवून आणले, असेही आमचे सुशिक्षित तरुण मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांच्या उत्साहाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या शब्दाशी आणि त्याच्या आडून चालणाऱ्या व्यवहाराशी. ज्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळांसाठी वर्गण्या दिल्या, घेतल्या आणि त्यांच्या हिशेबावरून कोर्टकचेऱ्याही केल्या, त्या वाचकांपुढेच हा वाद मांडणे योग्य होईल.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. साहसकथेच्या खेळात वाचक आणि नायक एकच असतो. कथा पुढे न्यायची ती आपणच गावात हिंडून, माणसांशी बोलून, कोडी सोडवून. यू सुझुकी नावाच्या जपानी कर्त्याने १९९९ साली सेगा कंपनीसाठी ‘शेनम्यू’ हा असा खेळ रचला. रियो हाझुकी या तरुणाच्या डोळ्यांदेखत त्याच्या वडिलांचा खून होतो आणि तो मारेकऱ्याच्या शोधास निघतो. दुसरा भाग २००१ साली आला. तो चीनमधील गुइलिन परिसरातल्या एका गुहेत नायकाला उभे करून संपला, आणि त्यापुढे काहीच आले नाही. खर्च अफाट झाला होता व विक्रीतून तो निघाला नव्हता, म्हणून सेगाने हात आखडला. चौदा वर्षे रियो त्या गुहेत उभा होता आणि त्याचे चाहते बाहेर. ज्याने लहानपणी मासिकातील क्रमशः कादंबरीचा पुढला हप्ता चुकवला असेल त्याला ही तळमळ समजावून सांगायला नको.

जून २०१५ मध्ये सोनी कंपनीच्या व्यासपीठावरून सुझुकींनी तिसऱ्या भागासाठी लोकांकडे हात पसरला. किकस्टार्टर या वर्गणीच्या पेढीवर वीस लक्ष डॉलरांची मागणी होती आणि ती पहिल्याच दिवशी पुरी झाली. महिनाभरात सुमारे सत्तर हजार लोकांनी ६३ लक्ष डॉलर दिले. खेळ २०१७ च्या अखेरीस द्यावयाचा होता, तो १९ नोव्हेंबर २०१९ रोजी आला. उशिराबद्दल मी तक्रार करणार नाही. ज्याने देवळाच्या शिखराचे काम मुदतीत पुरे झालेले पाहिले असेल त्याने पहिला दगड मारावा.

खरा प्रश्न त्याच वर्षीच्या जून महिन्यात उपस्थित झाला. संगणकावर खेळणाऱ्या वर्गणीदारांना खेळ ‘स्टीम’ या दुकानातून मिळेल, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. मध्यंतरी प्रकाशक आला, त्याचा ‘एपिक’ या प्रतिस्पर्धी दुकानाशी करार झाला, आणि पहिले वर्षभर खेळ तेथेच मिळेल असे जाहीर झाले. मोठी ओरड झाली. काही आठवड्यांनी पैसे परत घेण्याचा पर्याय देण्यात आला, ही गोष्ट सुझुकींच्या बाजूने नमूद केली पाहिजे. पण माझ्यासारख्या वकिलाला ओरडीपेक्षा निराळेच कुतूहल वाटते. हा करार करताना सत्तर हजारांपैकी कोणाला विचारले होते? कोणालाही नाही. विचारण्याचे कायदेशीर बंधन होते काय? तेही नव्हते. वर्गणीदार भागीदार नव्हता, भागधारक नव्हता, धनको नव्हता, आणि धड ग्राहकही नव्हता. ‘शेनम्यू’ हे नाव व त्यातील पात्रे आरंभापासून सेगाची होती आणि अखेरपर्यंत सेगाचीच राहिली. सत्तर हजार लोकांनी दुसऱ्याच्या घराला आपल्या खर्चाने माडी चढवली.

मी राहतो त्या भैरवगढात काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात, हे सर्वश्रुत आहे. महादजी शिंद्यांनी पानिपतानंतर या देवाला नवस बोलून आपली पगडी वाहिली असे येथे सांगतात, आणि शिंदेशाही पगडी आजही मूर्तीच्या मस्तकी दिसते. यात्रेकरू बाटली घेऊन येतो, पुजारी त्यातील थोडे बशीत ओतून देवाच्या मुखी लावतो आणि उरलेले प्रसाद म्हणून परत करतो. व्यवहार सर्वांच्या देखत होतो. काय दिले, देवाने किती घेतले आणि परत काय मिळाले हे निरक्षर माणसालाही कळते. एवढा उघड हिशेब तरी साठ लक्ष डॉलर देणाऱ्यांना मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मग जीर्णोद्धार कशाला म्हणावयाचे? याच उज्जयिनीत महाकालाचे देऊळ १२३४-३५ च्या सुमारास अल्तमशाच्या स्वारीत उद्ध्वस्त झाले, आणि पाचएकशे वर्षांनी राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ते पुन्हा उभारले. हे रामचंद्र मल्हार म्हणजे श्रीमंगेशाचे निस्सीम भक्त. १५६० साली कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास हलवावे लागलेले ते दैवत. त्याच्या संस्थानाला १७३९ साली पेशव्यांकडून मंगेशी गाव इनाम मिळाले तेही त्यांच्याच शब्दाने. शिप्राकाठचे देऊळ आणि अंत्रुजातले इनाम या दोन्हींमागे एकच माणूस उभा आहे, हे माळव्यातल्या आम्हा मराठी मंडळींना ठाऊक असते. गोव्यातल्या वाचकांना कदाचित नसेल. मुद्दा असा की रामचंद्रबाबांनी खर्च केला, पण महाकाल सुखटणकरांचा झाला नाही आणि मंगेशी गाव दिवाणजींच्या वारसांच्या वाटणीत आले नाही. दिलेले देवाचे झाले. आपल्या कायद्यात देव ही विधिमान्य व्यक्ती आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मलिक घराण्याच्या खटल्यात तर घरच्या मूर्तीसही स्वतःची इच्छा असते आणि ती ऐकली गेली पाहिजे असे मानले. सेवेकरी व विश्वस्त येतात आणि जातात, मालमत्ता मात्र कोणाच्या खिशात जात नाही. जीर्णोद्धार या शब्दात हे सारे गृहीत आहे. ज्या वास्तूच्या दुरुस्तीला लोकांनी पैसे दिले ती मालक उद्या तिऱ्हाईताला विकू शकत असेल, तर तिला खाजगी इमारतीची डागडुजी म्हणावे.

येथे एखादा चाणाक्ष वाचक मला अडवील. तो म्हणेल, आपल्या देवळात तरी वर्गणीदाराला काय मिळते? गोव्यातील देवस्थानांना लागू असलेल्या १९३३ च्या नियमांनुसार मत महाजनाचे, आणि महाजनकी कुळातून येते. परगावच्या भक्ताने सभामंडपाला लाखो रुपये दिले तरी त्याचे नाव फार तर फरशीवर कोरले जाते. आक्षेप खरा आहे आणि तो आपल्याला बोचला पाहिजे. परंतु त्यातूनच माझे म्हणणे स्पष्ट होते. वर्गणीदाराला मालकी मिळावी असे मी म्हणतच नाही. शंभर डॉलर दिले म्हणून रियोने उजवीकडे वळावे की डावीकडे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला देऊ नये. तसे झाले तर कथा लिहून होणार नाही. मागणी एवढीच आहे की ज्याने वर्गणी घेतली त्याच्या मालकीला त्या क्षणापासून लगाम बसावा. महाजनाला मत असते, पण देवाचे दागिने विकून ते पैसे तो घरी नेऊ शकत नाही. हिशेब दाखवावा लागतो, आणि न दाखवल्यास साधा भक्तही आरडाओरडा करू शकतो. महाजनांना तो आवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे. पैसे राजीखुशीने दिले, बक्षीस दिले, आता हिशेब कसला? याला कायद्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२२ व्या कलमात बक्षीस म्हणजे मोबदल्यावाचून दिलेली वस्तू. येथे तर प्रत्येक रकमेसमोर मोबदला छापलेला असतो: इतक्यास खेळ, इतक्यास खेळ आणि चित्रांचे पुस्तक, इतक्यास कर्त्याबरोबर भोजन. मोबदला छापून घ्यायचा आणि वेळ आली की दान म्हणायचे, हे चालणार नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या महान्यायवादींनी २०१४ साली एका पत्त्यांच्या खेळासाठी वर्गणी घेऊन तो न देणाऱ्यावर ग्राहकसंरक्षणाच्या कायद्याखाली फिर्याद लावली आणि पुढल्या वर्षी तिचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तर १९६८ सालीच, बार्कलेज बँक व क्विस्टक्लोज यांच्या वादात, ठरावीक कारणासाठी दिलेला पैसा ते कारण फसल्यास देणाऱ्याकडे परत जातो असे ठरवले. ते कर्ज होते, ही वर्गणी आहे. पण न्यायाचे तत्त्व दूरचे नाही. किकस्टार्टरच्या अटींतही काम तडीस न गेल्यास पैसे कशात खर्चले ते सांगावे व उरलेले परत करावे असे लिहिले आहे. मात्र ती पेढी स्वतः त्या कराराच्या बाहेर राहते. आमच्या कोकणात गाऱ्हाणे घालणारा पुढे उभा राहून बोलतो आणि मागचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवापुढे ते शोभते. करारात मागच्या माणसांना दुसरेही काही बोलता आले पाहिजे.

देणाऱ्याला हक्क दिल्यास कला मरते, असा एक कांगावा केला जातो. टिम शेफर यांच्या डबल फाइन या संस्थेचा ‘सायकोनॉट्स’ हा खेळ २००५ सालचा. त्याच्या दुसऱ्या भागासाठी २०१५ साली ‘फिग’ या पेढीमार्फत ३८ लक्ष डॉलर जमवले, तेव्हा काहींनी केवळ वर्गणी दिली तर काहींनी नफ्यात वाटा असलेली गुंतवणूक केली. म्हणजे वाटा देणे अशक्य नव्हते. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ती सारी संस्थाच विकत घेतली आणि खेळ २०२१ मध्ये उत्तम निघाला. नुसत्या वर्गणीदाराच्या हाती मात्र त्या विक्रीतली कवडीही आली नाही.

आपल्याकडे तर याहून चांगली उदाहरणे आहेत. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी नुसती झोळी फिरवली नाही. मर्यादित मंडळी स्थापून तिचे भाग विकले. १९७६ साली गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ हा चित्रपट निर्माण केला. ते देणगीदार नव्हते, निर्माते होते. पडद्यावर तसे लिहिले होते, आणि आपला चित्रपट पाहायला ते ट्रक भरभरून आले. त्यांच्याच सहकारी महासंघाच्या साहाय्याने तो पुन्हा स्वच्छ करण्यात आला व मे २०२४ मध्ये कान येथे दाखवला गेला. अठ्ठेचाळीस वर्षांनी चित्रपटाला कोणी वाली उरला होता, तो याच कारणाने. दोन रुपये देणाऱ्या गवळ्याने जे मिळवले ते साठ डॉलर देणाऱ्या पदवीधराला मागावेसे वाटू नये, हे मला लाजिरवाणे वाटते.

सर्वांत विपरीत प्रकार ‘स्पेस क्वेस्ट’चा. त्या मालिकेच्या दोघा कर्त्यांनी २०१२ साली चाहत्यांकडून पाच लक्ष डॉलरांहून अधिक जमवले. पण मालिकेचे नाव व पात्रे दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात असल्यामुळे त्यांना आपल्याच निर्मितीचे नाव घेता आले नाही. वेगळ्या नावाने, वेगळ्या पात्रांनिशी ते काम सुमारे दहा वर्षे रखडत गेले. ज्याच्याकडे नाव होते त्याने खेळ काढला नाही, ज्यांना काढायचा होता त्यांच्याकडे नाव नव्हते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३१ वे कलम अशा कुलूपबंद मालकासाठीच आहे: प्रसिद्ध झालेली कृती मालक पुन्हा काढत नसेल, काढूही देत नसेल आणि त्यामुळे ती लोकांना दुर्लभ होत असेल, तर योग्य मोबदला ठरवून दुसऱ्यास परवाना देता येतो. संगणकाचा कार्यक्रम हीही या कायद्यात वाङ्मयकृतीच. मात्र हे कलम पुनःप्रकाशनापुरते आहे. पुढला भाग रचण्याची मुभा त्यात नाही. ती दुरुस्ती व्हावी. निदान ज्या मालकाने कृतीच्या पुनरुज्जीवनासाठी लोकांकडून पैसा उचलला, त्याने ती ठरावीक वर्षे पुन्हा निजवली तर परवाना मागण्याचा अधिकार मूळ कर्त्यास व वर्गणीदारांस मिळावा.

आपल्या देशात सेबीने जून २०१४ मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याविषयी एक विचारपत्र काढले. त्यातून नियमावली निपजली नाही. कंपनी कायदा खाजगीरीत्या वर्षाला दोनशेहून अधिक जणांना भाग देऊ करू देत नाही. म्हणजे दान मागायला सारे जग मोकळे आणि वाटा द्यायला दोनशे माणसे! ही मर्यादा फसवणूक टाळण्यासाठी आहे हे मी जाणतो. पण तिचा परिणाम असा होतो की प्रामाणिक कर्त्यालाही भिक्षापात्रच पुढे करावे लागते. लहान रकमांसाठी सहकारी संस्थेचा मार्ग आजही उघडा आहे, आणि मराठी माणसाला तो शिकवायला नको. मुंबईच्या १९५० च्या विश्वस्त कायद्याखालील नोंदणीही अवघड नाही.

‘शेनम्यू’चा तिसरा भाग आला, पण कथा त्यातही पुरी झालेली नाही, मारेकरी हाती लागलेला नाही. चौथ्या भागाची इच्छा सुझुकींनी बोलून दाखवली आहे. त्यासाठी पुन्हा वर्गणी निघालीच तर पैसे पाठवण्यापूर्वी चाहत्यांनी सेगाकडून एक लेखी कागद मागावा: या नावाने पुढे काही निघाले नाही तर ते नाव किती वर्षांनी आणि कोणाच्या हवाली होईल.