दोन भट्ट्या, एक हिशेब

ज्या टाटा स्टीलचा कारभार आमच्या मुंबईतून चालतो, तिच्या दोन भट्ट्यांचे भवितव्य सप्टेंबर २०२४ या एकाच महिन्यात ठरले. ओडिशातील कलिंगनगर येथे ५,८७० घनमीटर आकारमानाची, देशातील सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू झाली. आणि ३० तारखेस वेल्समधील पोर्ट टालबटची अखेरची झोतभट्टी विझली. एका ठिकाणी सोहळा झाला, दुसऱ्या ठिकाणी कामगारांच्या घरांवर चिंतेची छाया पडली. परंतु आकाशाला देशांच्या सीमा नाहीत. त्याच्या खातेवहीत दोन्ही भट्ट्या एकाच पानावर मांडल्या जातात.

पोलादाचा धूर हा केवळ इंधनाचा धूर नव्हे. लोहखनिजातील लोखंड प्राणवायूशी जखडलेले असते. त्याची सुटका कोळशापासून बनविलेला कोक करतो आणि त्यातूनच कार्बन डाय-ऑक्साइड उत्पन्न होतो. तेव्हा आवारात झाडे लावून किंवा दिवे बदलून हा प्रश्न सुटणारा नाही. मार्ग मुख्यतः दोन : विजेच्या भट्टीत भंगार वितळविणे, अथवा कोकऐवजी हायड्रोजन वापरणे. पोर्ट टालबटने पहिला मार्ग पत्करला आहे. १२५ कोटी पौंडांच्या त्या योजनेत ब्रिटिश सरकारचा वाटा ५० कोटींचा असून, तेथील उत्सर्जन सुमारे ९० टक्क्यांनी घटेल, असा कंपनीचा अंदाज आहे. दुसऱ्या मार्गाची चाचणी २०२३ साली जमशेदपूरच्या एका झोतभट्टीत झाली. मात्र झोतभट्टीत हायड्रोजन सोडल्याने कोक कमी होतो, नाहीसा होत नाही.

भारताला पूल, रेल्वे आणि घरे हवीत, आणि आपल्याकडे भंगार अपुरे आहे, हा आक्षेप रास्त आहे. २०१७ च्या पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादनक्षमतेचे लक्ष्य ठेवले, ते उगाच नव्हे. पण झोतभट्टी दशकानुदशके जळत राहते. २०४५ पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन ज्या कंपनीने दिले, तिने आज पेटविलेल्या भट्टीचे त्या वर्षी काय करणार, हे आजच सांगितले पाहिजे. धूर एका खंडातून दुसऱ्या खंडात नेणे म्हणजे तो कमी करणे नव्हे.

आमची मागणी त्रिविध आहे. कंपनीने प्रत्येक भट्टीचा कोकमुक्तीचा कालक्रम जाहीर करावा. टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जनाचे पोलाद ‘हरित’ अशी व्याख्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये केलीच आहे. तर सरकारी बांधकामांत त्यालाच अग्रक्रम मिळावा. आणि कामगारांना बदलाची वार्ता भट्टी विझण्याच्या दिवशी नव्हे, तर अनेक वर्षे आधी, नव्या कामाच्या शिक्षणासह मिळावी. गिरण्यांची धुराडी थंडावल्यावर कामगारांच्या संसारांची कशी वाताहत होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. तो धडा पुन्हा गिरविण्याचे कारण नाही.

वचनाची किंमत त्याच्या उच्चारात नसते, हिशेबात असते. तो हिशेब मागणे हा नागरिकांचा अधिकार आहे, आणि तो दोन्ही भट्ट्यांचा मिळून एकच असला पाहिजे.