डाव्या हातालाही कळू द्या

सप्टेंबरात मोतमाउलीच्या जत्रेला वांद्र्याची टेकडी माणसांनी फुलून जाते. भाविक मेणाचे हात, मेणाचे पाय विकत घेतात आणि मातेच्या चरणी वाहतात. त्यांतल्या कित्येक अवयवांमागे घरातल्या कोणाचे तरी दुखणे असते. त्याच परिसरात १९८६ साली डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करणारे हे भारतातील पहिले सदन. मेणबत्ती लावून परतणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असते? ठाऊक नसेल तर दोष त्यांचा नव्हे. ज्यांच्या हाती सांगण्याची साधने आहेत, त्या आमच्यासारख्यांचा आहे.

साधने काही थोडी नाहीत. प्रवचनपीठ आहे, मिस्सेनंतरच्या सूचना आहेत, धर्मग्रामाचे पत्रक आहे, आमच्यासारखी नियतकालिके आहेत आणि आता घरोघरच्या भ्रमणध्वनीवर येणारे निरोपही आहेत. अंत्यविधी किती वाजता, हे तासाभरात गावभर होते. परंतु तोच माणूस आपल्या खाटेवर महिनोन्‌महिने कण्हत होता, तेव्हा ते कण्हणे कमी करता येते ही वार्ता त्याच्या उंबरठ्यापर्यंत कोणी नेली होती? मरणाची बातमी देण्यात आम्ही तत्पर आहोत. मरणाऱ्याच्या उपयोगाची बातमी देण्यात मात्र मुके.

डॉक्टर जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ती उपशामक सेवा म्हणजे हात टेकणे नव्हे. वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भीती यांवरचा तो रीतसर उपचार आहे. मूळ रोगावरील औषधोपचार चालू असतानाच तो सुरू करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या व्याख्येत तर रुग्णामागे राहिलेल्या कुटुंबाचा शोकही या सेवेच्या कक्षेत येतो. ही सेवा आता दूरध्वनीवरून आणि पडद्यावरूनही काही प्रमाणात मिळू शकते. ज्याला खाटेवरून उठवत नाही, त्याला लोकलच्या गर्दीतून मुंबईस नेण्यापेक्षा डॉक्टरांनी त्याला पडद्यावर पाहणे आणि सुनेला कूस वळवण्याची रीत समजावणे किती सोयीचे! मध्यरात्री रडू आवरेना झालेल्या विधवेला ऐकून घेणारा कान हवा असतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस ही विनामूल्य सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मानसिक व्यथा सांगता येते, मराठीतूनही. हा पाच आकडी क्रमांक किती शोकसंदेशांखाली छापला गेला?

या आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतात. पहिला आक्षेप धर्मनिष्ठांचा: सेवेला जाहिरात शोभत नाही, उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे प्रभूने शिकवले आहे. आमचे उत्तर असे, की ती शिकवण दात्याच्या नावलौकिकाविषयी आहे, मदतीच्या पत्त्याविषयी नव्हे. देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरायचे आणि रुग्णाला हवा असलेला क्रमांक मात्र नम्रतेपोटी गुप्त ठेवायचा, ही कुठली नम्रता?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वेदना हा क्रूस आहे; तो मुकाट्याने वाहावा. स्वतःचा क्रूस स्वखुशीने वाहणाऱ्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु दुसऱ्याच्या खांद्यावरचा क्रूस हलका करता येत असताना हाताची घडी घालून उभे राहणे, याला श्रद्धा म्हणत नाहीत. सिमोन कुरेनेकराला तरी बळजबरीने धरून आणावे लागले होते. आम्हांला कोणी धरून आणण्याची वाट पाहावी काय? वेदनाशामक औषधे घेणे नीतीला धरून आहे, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले होते.

तिसरा आक्षेप घरच्यांचा: असले काही सांगितले तर आजारी माणूस खचेल. हे आम्ही पूर्वीही ऐकले आहे. रुग्णाभ्यंगाला ‘शेवटचा संस्कार’ म्हणत म्हणत आम्ही त्याची इतकी धास्ती घेतली, की शुद्ध हरपल्यावरच धर्मगुरूंना बोलावणे जायचे. तो केवळ मृत्युपंथास लागलेल्यांचा संस्कार नव्हे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले, तरी ती धास्ती पुरती गेलेली नाही. तीच चूक आता आम्ही उपशामक सेवेबाबत करीत आहोत. उशीर आम्हीच करायचा आणि मग म्हणायचे, तिकडे गेलेला माणूस परत येत नाही!

प्रसिद्धी मात्र प्रामाणिक हवी. पडद्यावरून सर्व काही मिळते, असा भास निर्माण करू नये. असह्य वेदनेवर मॉर्फिन गुणकारी आहे. ते मिळण्याची वाट २०१४ सालच्या कायदेदुरुस्तीने सोपी केली. तथापि दूरवैद्यकाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशी औषधे दुरून लिहून देण्यास मनाई केली. म्हणजे कोणीतरी रुग्णाला घेऊन जायला हवे, कोणीतरी जखम धुवायला हवी, कोणीतरी नुसते उशाशी बसायला हवे. केरळात कोळिकोडला १९९३ साली सुरू झालेले काम अशाच शेजाऱ्यांच्या हातांनी वाढले. २००८ साली त्या राज्याने स्वतंत्र धोरणही आखले. आमच्या धर्मग्रामांत हातांची वाण आहे, असे आम्ही मानत नाही. कोठे जायचे हे त्या हातांना कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक पत्रकात एक कायमची चौकट असावी: जवळची सेवा कोणती, काय देते, काय देत नाही, विचारणा कोठे करावी. महिन्यातून एकदा वेदीजवळून हे वाचून दाखवावे, साध्या मराठीत. नोव्हेंबरात आम्ही कबरी फुलांनी सजवतो, मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. त्या महिन्यात मागे राहिलेल्यांचीही चौकशी व्हावी. लाजराच्या कबरीपाशी प्रभू रडला, पण त्याआधी मार्था आणि मरिया यांचे म्हणणे त्याने ऐकून घेतले होते.

सुवार्ता या शब्दावर आमचा मोठा हक्क आहे, असे आम्ही समजतो. ज्याची रात्र वेदनेने सरत नाही, त्याला ती रात्र सुसह्य होऊ शकते हे कळणे, ही त्याच्यापुरती सुवार्ताच होय. ती दडपून ठेवण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?