राजवाड्यांचे कागद कोणाचे?

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले. त्यानंतर लगेच, १९२७ साली, त्याच गावी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी मागे ठेवलेले कागद तेथे जतन झाले. ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. ते कागद आपलेही आहेत, असे मात्र आपल्या कार्यकर्त्यांना क्वचितच वाटते. राजवाडे हे ब्राह्मणी इतिहासकार, त्यांची दप्तरे त्यांच्या भक्तांनाच लखलाभ असोत, असा सूर आपल्या अभ्यासशिबिरांतून निघतो. या सुरात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे.

राजवाड्यांचा जात्यभिमान झाकण्याचे कारण नाही. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून सडेतोड उत्तर दिले. पण याच राजवाड्यांनी विवाहसंस्थेच्या उगमाचा शोध घेताना सनातन्यांच्या पायाखालची वाळू सरकवली. त्या लेखांच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहावी असे कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांना वाटले, ते काही जातीच्या प्रेमाने नव्हे. माणूस एकसंध नसतो. त्याचे कागद तर नसतातच.

राजवाड्यांची खरी थोरवी त्यांच्या निष्कर्षांत नाही, पद्धतीत आहे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे असे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडावे, माळ्यावरच्या पेट्या उघडवाव्यात, वतनाचा दावा अंगलट येईल या भीतीने कागद दडवणाऱ्या घरमालकांची मनधरणी करावी, आणि मिळालेले पत्र जसेच्या तसे छापावे, असा हा उद्योग होता. वरची प्रस्तावना त्यांची. पण खालचा कागद वाचकाच्या हाती दिलेला. प्रस्तावना पटली नाही तर वाचकाने कागदाकडे जावे आणि इतिहासकाराला खोटे पाडावे. स्वतःविरुद्धचा पुरावा असा छापून ठेवणारे लेखक आपल्याकडे फार झालेले नाहीत.

हाच न्याय त्यांच्या खासगी कागदांना लावला पाहिजे. त्यांच्या पश्चात मंडळाने १९३७ साली त्यांचा धातुकोश प्रसिद्ध केला. पुढे मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली समग्र साहित्याचे तेरा खंड निघाले. हे मोठे काम आहे. तरीही छापील खंड म्हणजे दप्तर नव्हे. कोणते टाचण वापरले, कोणते बाजूला ठेवले, कोणत्या ओळीवर काट मारली, हे कोणत्याही इतिहासकाराच्या बाबतीत हस्तलिखितच सांगते. राजवाड्यांच्या पूर्वग्रहाची चिकित्सा करावयाची असेल, तर तिचा पहिला साक्षीदार धुळ्यात आहे. त्याची उलटतपासणी न करताच आपण निकाल देऊन बसलो आहोत!

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, कपाटे फोडली गेली, पोथ्यांची नासधूस झाली. बहुजनांच्या अस्मितेच्या नावाने हे घडले. वास्तविक नुकसान कोणाचे झाले? ज्यांच्या वाड्यांत दप्तरे होती त्यांचे पूर्वज छापून निघाले आहेत. ज्या रयतेचा उल्लेख एखाद्या महजरात, सावकाराच्या हिशेबात किंवा वेठीच्या तक्रारीत एका ओळीपुरता येतो, तिच्यापाशी त्या ओळीखेरीज दुसरे काही नाही. कागद फाटला की ती दुसऱ्यांदा मरते.

तेव्हा मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या गावी वर्गणी, देणग्या आणि तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या अशा संस्थांना सरकारने नियमित पैसा द्यावा. मात्र त्या निमित्ताने कागद उचलून पुण्या-मुंबईस नेऊ नयेत. याद्या छापाव्यात, प्रती काढाव्यात, आणि शिफारसपत्राविना शेतमजुराच्या मुलालाही रुमाल सोडून पाहता यावा. त्याला मोडी वाचता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण आपल्या शिबिरांत मोडीचे पंधरा दिवस ठेवण्यास सरकारी परवाना लागत नाही.

धुळ्याचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. कॉम्रेड शरद पाटील यांनी याच गावी राहून, आदिवासींच्या लढ्यांत वावरत ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ लिहिली आणि २०१४ साली याच गावी देह ठेवला. त्यांच्याशी आपले मतभेद असोत. त्यांच्या टिपणांनाही राजवाड्यांच्या कागदांइतकीच काळजी मिळाली पाहिजे, याबद्दल मतभेद नसावा.

आणि आपले स्वतःचे कागद? १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मोर्चांची एक टिपणवही मी एका तालुका कचेरीत पाहिली होती. हजेरी, मागण्या, अटक झालेल्यांची नावे, सारे पेन्सिलीने लिहिलेले. काही वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा ती रद्दीत गेली होती. तेथल्या तरुण सोबत्याने जागा झाल्याचे समाधानाने सांगितले. दिवाळीची झाडलोट जवळ येते आहे. निदान त्याआधी प्रत्येक शाखेने आपले जुने कपाट उघडून आत काय आहे याची यादी करावी आणि तिची एक प्रत जिल्हा कचेरीस पाठवावी.