काचपट्टीची फेरतपासणी : कष्टकऱ्यांचा हक्क

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर ही कारखान्यांची व कोळीवाड्यांची वस्ती. तेथील खोकणाऱ्या मजुराचे भवितव्य पुष्कळदा थुंकीच्या एका काचपट्टीवर ठरते. सूक्ष्मदर्शकात क्षयजंतू दिसण्यास मिलिलिटरमागे किमान 5,000 ते 10,000 जंतू लागतात. 'जंतू नाहीत' असे लिहिण्यापूर्वी 100 क्षेत्रे पाहावी लागतात. रंगद्रव्य निकृष्ट असले किंवा तंत्रज्ञावर कामाचा डोंगर असला, की रोगी निरोगी ठरतो आणि दाटीच्या खोल्यांत रोग फैलावतो.

याच शहरात, तेव्हाच्या मद्रासमध्ये, 1956 साली स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्राने घरचे उपचार आरोग्यधामाइतकेच गुणकारी असल्याचे 1959 साली दाखवून दिले. गरिबांना त्यामुळे मोठा आधार मिळाला. परंतु अचूक निदानावाचून औषध व्यर्थच.

म्हणून पहिला निष्कर्ष न सांगता दुसऱ्याकडून काचपट्ट्या वाचून घेणे व मतभेद झाल्यास तिसऱ्याने निवाडा देणे, ही पद्धत मोलाची आहे. मात्र ती तंत्रज्ञाला दंड करण्याचे हत्यार बनता कामा नये. रिक्त पदे भरली, कंत्राटी नेमणुका थांबल्या आणि निर्दोष रसायने पुरविली, तरच चुका घटतील. नवी जनुकीय चाचणी यंत्रे आली म्हणून शासनाची ही जबाबदारी संपत नाही.