नॉकआउट उंदरातही बँड?

मेंदूतल्या निकोटिनिक रिसेप्टरवर काम करणाऱ्यांना मोझर आणि सहकाऱ्यांचा २००७ चा, ‘जर्नल ऑफ न्यूरोकेमिस्ट्री’तला निबंध ठाऊक असेलच. ज्या उंदरांतून रिसेप्टरच्या उपघटकाचे जनुकच काढून टाकले आहे, अशा नॉकआउट उंदरांच्या मेंदूवर त्यांनी वापरातल्या अँटिबॉडी लावून पाहिल्या. वेस्टर्न ब्लॉटवर बँड साध्या उंदरासारखेच उमटले, कापांवरचा रंगही तसाच आला. रिसेप्टरचा पत्ता नाही आणि बँड मात्र हजर! या निबंधानंतरही त्याच जातीच्या अँटिबॉडींवर निबंध येत राहिले, याला काय म्हणावे?

या रिसेप्टरच्या अल्फा-७ उपघटकाचा बँड साधारण ५५ किलोडाल्टनला शोधतात. मेंदूत त्या वजनाच्या आसपास प्रथिनांची गर्दी असते, ट्यूब्युलिनही तिथलेच. रिसेप्टर मुळात तुटपुंजा. अँटिबॉडीला भलत्या प्रथिनाची जराशी जरी ओढ असली, तरी ते प्रथिन निव्वळ संख्येच्या जोरावर बाजी मारते. ‘अपेक्षित वजनाला बँड आला’ या वाक्याला म्हणूनच फारशी किंमत नाही.

ब्लॉकिंग पेप्टाइडने रंग गेला, हा पुरावा त्याहून फसवा. पेप्टाइडने अँटिबॉडीची पकडच अडवली, की ती खऱ्या रिसेप्टरला चिकटत नाही आणि चुकीच्या प्रथिनालाही नाही. एचईके पेशींत रिसेप्टर घालून मिळवलेला बँड एवढेच सांगतो, की अँटिबॉडी त्याला ओळखते. फक्त त्यालाच ओळखते, हे त्यातून ठरत नाही.

अल्फा-७ ला निदान मण्यारीच्या विषातल्या अल्फा-बंगारोटॉक्सिनचा आधार आहे. नॉकआउट मेंदूत त्याचे घट्ट बंधन दिसत नाही. प्रत्येक रिसेप्टरला अशी मण्यार भेटत नाही.

नॉकआउट उंदीर परवडत नाहीत, ही आपल्याकडची अडचण खरी आहे. पण ते ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडून फिक्स केलेले काप मागवता येतात. तेही जमले नाही, तर इन सिटू संकरणाने एमआरएनए त्याच पेशींत आहे का, एवढे तरी पाहावे. मार्चअखेर अनुदान संपवायचे म्हणून डेटाशीटवरचे चित्र पाहून कुपी मागवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

यापुढे या मासिकाकडे येणाऱ्या लेखांत अँटिबॉडीचा कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक आणि पूर्ण, न कापलेला ब्लॉट हवा. नॉकआउट कंट्रोल नसेल, तर तो का नाही, हेही लिहावे. आणि फसलेले ब्लॉट कपाटात ठेवू नका. लॉट क्रमांकासह आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू.