अ‍ॅव्हरेज किती देते?

नवी गाडी घेतली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. अ‍ॅव्हरेज किती देते? पण गंमत बघा, अ‍ॅव्हरेज चांगलं मिळालं की आपलं हुंदडणंही वाढतं. आज लोणावळा, पुढच्या वीकेंडला महाबळेश्वर. महिनाअखेरीस पेट्रोलचा खर्च तेवढाच, नाहीतर जरा जास्तच!

हेच त्रांगडं विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल मांडलं होतं. वाफेचं इंजिन कमी कोळशात चालायला लागलं, म्हणून परवडायला लागलं, म्हणून जागोजागी बसलं. एकूण कोळसा? वाढलाच.

आपलंही तेच. सरकारच्या उजाला योजनेत २०१५ पासून ३६ कोटींहून जास्त एलईडी दिवे वाटले गेले. प्रत्येक दिव्यामागे वीज वाचली, अगदी खरं. तरी ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. तोवरचा उच्चांक! त्यात पहिल्यांदाच पंखा लागलेली घरं आहेत, तशी प्रत्येक खोलीत एसी लावणारी आपली मंडळीही आहेत. पहिल्यांना विकास हवाच, त्यावर वादच नाही.

२०२२ मध्ये भारताने जगाला शब्द दिला की, २०३० पर्यंत जीडीपीच्या दर रुपयामागचं कार्बन उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करू. चांगलंच आहे. पण बॉस, हेही अ‍ॅव्हरेजच झालं! रुपये वाढत गेले की एकूण धूर वाढू शकतो, आणि हवेला कळतो तो एकूण धूर.

मग विकास आणि पर्यावरणाचं जमणारच नाही का? तसंही नाही. १९९० ते २०२२ मध्ये ब्रिटनचं उत्सर्जन निम्म्यावर आलं आणि अर्थव्यवस्था जवळपास ८० टक्क्यांनी वाढली. यातला काही धूर चीनच्या खात्यात गेला, कारण माल तिकडे बनतो. तरी उरलेली घट खरी आहे. कारण त्यांनी अ‍ॅव्हरेजवर भागवलं नाही. २००८ मध्ये कायदा करून दर पाच वर्षांच्या एकूण उत्सर्जनावरच मर्यादा घातली. ३० सप्टेंबर २०२४ ला त्यांचं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्रही बंद झालं.

थोडक्यात, वाढा की! पण टाकी केवढी, ते आधी ठरवा.

बाय द वे, तुमचा एसी फाइव्ह स्टार आहे ना? मस्त. मग रात्रभर १८ वर ठेवून ब्लँकेट कशाला ओढताय?