राक्षस ठेवला, बाप गाळला

परवा यवतमाळात ‘गोजिरा’ पुन्हा पाहिला. इशिरो होंडाचा, १९५४ चा. पोरं म्हणतात, रबराचा राक्षस काय पाहायचा? अरे, राक्षस सोडा, आधी कोण मरतं ते पाहा. बोटीवरचे खलाशी! त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला. राख पडली जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर. त्यातला रेडिओवाला कुबोयामा सप्टेंबरात मेला. नोव्हेंबरात सिनेमा आला. १९५६ साली अमेरिकेत लावताना त्यातलं बॉम्बवरचं बरंच बोलणं छाटलं अन् मधे एक गोरा पत्रकार घुसवला. राक्षस ठेवला, बाप गाळला.

ही कात्री आपल्या ओळखीची आहे. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधेनं वीसवर माणसं मेली. कपाशी डोक्याबरोबर, पाठीवर पंप, विष नाकातोंडात. वर ऐकवलं काय? मास्क नव्हता, हातमोजे नव्हते. म्हणजे मेला त्याचाच गुन्हा! विष बनवणारा, विकणारा, रोजीवर पंप उचलायला लावणारा, सगळे कात्रीतून सुटले.

सिनेमाच्या शेवटी म्हातारा शास्त्रज्ञ बजावतो, चाचण्या चालू राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल. तेव्हा राक्षस मेला म्हणून टाळ्या पिटू नका. कापलेली रिळं मागा.